हिच्यात काय भरायचात?

जुनी पिकअप बघायला गेलेला माणूस आधी मीटर बघतो, मग मॉडेल कुठलं ते विचारतो, मग टायरला लाथ मारतो. यातलं काहीच चुकीचं नाही, पण यातून कळतंही फारसं नाही. मीटर मागे घेता येतो. टायर विकायच्या आदल्या आठवड्यात बदलता येतात. आणि मॉडेलचं म्हणाल, तर २०१४ची दुधाची गाडी २०१९च्या वाळूच्या गाडीला सहज भारी पडते. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात जुन्या गाड्यांचे प्लॉट आणि गॅरेजं धुंडाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मुरलेला मिस्त्री विकणाऱ्याला पहिला प्रश्न किलोमीटरचा करत नाही. तो विचारतो, "हिच्यात काय भरायचात?"

उत्तर झटकन आलं तर मिस्त्री मान डोलावतो. "काय, आपलं सगळंच…" असं आलं, की तो चप्पल काढून गाडीखाली सरकतो.

या गाड्या जन्मल्या त्या बहुतेक आपल्याच अंगणात. १९४५ साली उभी राहिलेली मुंबईची महिंद्र कंपनी १९४७ पासून विलीज जीप जोडू लागली. पुढे त्याच जीपच्या वंशात बोलेरो आली आणि बोलेरोच्या मागे हौदा लागून आजची पिकअप झाली. पुण्याच्या बजाज टेम्पोने तीनचाकी टेम्पो आणि मग मॅटाडोर रस्त्यावर आणली. टाटांची ४०७ आली १९८६ साली, टाटामोबाइल २०६ ही पिकअप १९८८ साली, आणि मे २००५ मध्ये आली एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि पाऊण टनाची क्षमता, एवढ्याशा भांडवलावर तिने गल्लीबोळातली तीनचाकी मालवाहतूक हलवून टाकली. अशोक लेलँडची दोस्त २०११ साली तमिळनाडूतल्या होसूरहून आली आणि तिनेही आपली गिऱ्हाइकं जमवली. पण जुन्नर-संगमनेरच्या शेतकऱ्याला नुसतं 'पिकअप' म्हटलं, तर त्याच्या डोळ्यांपुढे पांढरी बोलेरोच उभी राहते. इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स याही पिकअपच, पण त्यांच्या हौद्यात कांदा पडत नाही. त्या हौसेच्या गाड्या. त्यांच्यावर कुणी हौशी माणसाने लिहावं.

जुन्या गाडीकडे माणूस वळतो तो अर्थातच पैशांमुळे. नवी दीड टनाची पिकअप सगळं धरून आठ-दहा लाखांच्या घरात जाते. सहा-सात वर्षांची, अंगाने धड असलेली गाडी साधारण निम्म्यात मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्याचा भाव करताना नव्याची आजची किंमत आधी विचारून घ्यावी. प्लॉटवाला गेल्या वर्षीच्या हिशेबाने बोलत असतो. जुन्या गाडीच्या कर्जावर व्याजही नव्यापेक्षा जास्त पडतं. हप्त्याचा कागद मांडला, की निम्मी वाटलेली किंमत तितकी निम्मी राहत नाही.

गाड्या बाजारात येतात कधी, यालाही कारण आहे. मालवाहू गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी असतं, नंतर दरवर्षी. शिवाय महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीला पर्यावरण कर लागतो. त्यामुळे सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास बरेच मालक गाडी काढायचं मनावर घेतात. दुसरा ओघ फायनान्सवाल्यांच्या यार्डातून येतो. ओढून आणलेल्या गाड्या लिलावात स्वस्त दिसतात, पण ज्याचे हप्ते थकलेत तो माणूस इंजिन ऑइल बदलत नाही. गाडी जाणार हे त्याला सहा महिने आधीच कळलेलं असतं, आणि त्या सहा महिन्यांत तो तिच्याकडून जमेल तेवढं काम काढून घेतो.

आळेफाट्याजवळच्या एका प्लॉटवर पाहिलेला सौदा सांगतो. घेणारा ओतूरकडचा तिशीतला शेतकरी, सोबत त्याच्या ओळखीतले पन्नाशीचे मिस्त्री. गाडी २०१६ची, पांढरी, धुऊन-पुसून उभी. मिस्त्रींनी काही न बोलता बॉनेटवर तळवा ठेवला.

"शेठ, गाडी आत्ता फिरवून आणली का?"

"नाही ओ मामा, जागा बदलली फक्त."

"बरं. मग आम्ही जेवून येतो. तोवर हात लावू नका हिला."

कारण डिझेल इंजिन गरम असलं की शहाण्यासारखं वागतं. कॉम्प्रेशन कमी झालेलं, नोझल थकलेले, हीटर प्लग गेलेला, हे सगळे आजार पहिल्या थंड स्टार्टला बोलतात. जेवून आल्यावर चावी फिरवली. गाडी दुसऱ्या सेल्फला उठली, मागे थोडा पांढरा धूर निघाला आणि मिनिटभरात थांबला. इथवर ठीक. मग मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि ते उलटं करून त्याच तोंडावर नुसतं ठेवलं. झाकण थरथरलं, पण उडालं नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर सिलिंडरमधला दाब खाली उतरून इथून बाहेर येतो. झाकण नाचायला लागतं आणि धुराचे भपकारे सुटतात. इंजिन पास झालं. शेतकऱ्याचा चेहरा खुलला. मिस्त्रींचा नाही.

ते मागे गेले आणि हौद्यात चढले. पत्रा नुकताच रंगवलेला. फाळक्याच्या बिजागरीजवळ पत्र्याची जी दुमड असते, तिच्यात त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घालून ओढलं, आणि जे निघालं ते तळहातावर घेऊन प्लॉटवाल्यापुढे धरलं. चमचाभर वाळू होती.

"शेठ, तुम्ही म्हणालात भाजीपाला."

शेठ म्हणाले, मालकाने घर बांधलं तेव्हा एखादी खेप आणली असेल. मिस्त्री आता गाडीखाली होते. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा हँगर जिथे चेसिसला बसतो, तिथे काळा रंग बाकीच्या चेसिसपेक्षा ताजा होता. त्यांनी तो खरवडला. खाली वेल्डिंगची वीतभर शिवण निघाली आणि तिच्यावर एक पट्टी मारलेली. सौदा तिथेच संपला. एखाद्या खेपेने चेसिस तडकत नाही.

हिशेब साधा आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोरडी वाळू असेल तर एक ब्रास साडेचार टनांच्या आसपास भरते. म्हणजे अर्धा ब्रास झाला सव्वादोन टन. बहुतेक जुन्या पिकअपची क्षमता मॉडेलप्रमाणे सव्वा टन ते एक टन सातशे किलो. वाळूवाला पाव ब्रास कधीच भरत नाही, तेवढ्यात त्याला परवडत नाही. वाळू ओली असली तर वजन आणखी चढतं, आणि नदीपात्रातून वर येताना गाडी तिरकी होऊन सगळा भार एका पाट्यावर घेते. अशा गाडीचं इंजिन उत्तम असू शकतं. इंजिनाची कामं पैशांत बसतात. तडकलेल्या चेसिसची बसत नाहीत.

म्हणून मालाचा प्रश्न. दुधाची गाडी मिस्त्री लोकांना सगळ्यांत आवडते. रोज तोच रस्ता, तीच वेळ, मोजून ठेवलेले ४० लिटरचे कॅन. किलोमीटर खूप होतात, पण दूध हिंदकळायला नको म्हणून चालवणारा ब्रेकही सांभाळून मारतो आणि गाडी बंद पडलेली परवडत नाही म्हणून सर्व्हिसही वेळेवर होते. तिच्या हौद्याचा तळ मात्र रोज पाणी मारून कुजलेला असतो, तो ठोकून बघायचा. कुरियरच्या बंद बॉडीच्या गाड्या मीटरवर भीतिदायक दिसतात, पण त्यांनी आयुष्यभर खोकी वाहिलेली असतात. पाटे जवळपास नव्यासारखे सापडतात. टोमॅटोची गाडी मधली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो वीस किलोच्या क्रेटने चालतो. क्रेटचं स्वतःचं वजन धरलं तर एक नग बावीस किलोच्या आसपास, म्हणजे मोठ्या पिकअपचीही क्षमता ७५-७७ क्रेटलाच संपते. प्रत्यक्षात भाव असला की शंभरीच्या पुढे क्रेट चढतात आणि माल केबिनच्या वर डोलतो. पण हा खेळ हंगामापुरता. कांद्याचंही तसंच. लासलगावला खुला कांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणि पिकअपमधून येतो, आणि सतरा क्विंटलच्या गाडीत पंचवीस क्विंटल बसतात हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही.

कोंबड्यांची गाडी सहसा टाळावी. विष्ठेतला अमोनिया आणि ओल मिळून पत्रा आतून खातात. वरून रंग चकाचक, आणि हातोडीच्या टोकाला भोक. मिरकरवाड्याकडून, हर्णैकडून आलेली मासळीची गाडी तर फुकट मिळाली तरी विचार करावा. बर्फ वितळून खारं पाणी चेसिसच्या पोकळीत उतरतं आणि ब्रेकच्या पाइपांपर्यंत पोचतं. कोकणातली गाडी घाटावर आणून रंगवून विकली जाते, तेव्हा नंबर प्लेटवरचा जिल्हा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बाकी तपासणी कुणीही शिकू शकतो. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला; नक्षी कितीही खोल दिसो. मीटरवर साठ हजार आणि क्लच-ब्रेकच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत, असं असेल तर रबर खरं बोलतंय. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबलं आणि इंजिन ओरडलं पण गाडी सरकली नाही, तर क्लच प्लेट आपल्या खर्चात धरायची. वेग सोडताना मागून घुंघुं आवाज आला, तर मागच्या एक्सलमधलं क्राऊन-पिनियन झिजलेलं. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर सरळ नमस्कार करून निघायचं.

गाडी घेतली की दुसऱ्याच दिवशी माणूस ती 'बनवायला' नेतो. पहिलं काम पाटे वाढवण्याचं. मागे दोन पाटे जास्त घातले की भरलेली गाडी बसत नाही, मागून ऐटदार उचललेली दिसते, आणि मालकाला वाटतं क्षमता वाढली. वाढते ती फक्त वजन पेलताना न वाकण्याची ताकद. एक्सल तोच, हबचं बेअरिंग तेच, ब्रेक तेच. त्याहून वाईट गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अनेक पिकअपना मागच्या ब्रेकसाठी एक वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. गाडी भरली की चेसिस खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकामी असताना दाब कमी, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत. आता पाटे वाढवले की भरलेली गाडीही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. अडीच टन माल भरून माळशेज उतरताना मागचे ब्रेक अर्ध्याच जोराने लागतात, सगळा भार पुढच्यांवर येतो, ते तापतात आणि मग पेडल मऊ पडतं. पाटे घालून देणारा कारागीर ती दांडी पुन्हा बसवून देत नाही, कारण कुणी त्याला सांगितलेलं नसतं. जुन्या गाडीत पाटे मोजा. कंपनीपेक्षा जास्त असतील, तर 'काय भरायचात' याचं उत्तर तिथेच मिळालं.

हौद्याचं काम मात्र खरंच बघण्यासारखं असतं. नुसती केबिन-चेसिस घेऊन मागचं अंग स्थानिक बॉडीवाल्याकडून बांधून घेण्याची सोय कंपन्याच देतात, आणि बॉडीवाले हे आपल्याकडचे दुर्लक्षित कारागीर आहेत. एकाने द्राक्षवाल्यासाठी आतून लाकडी फळ्यांची दुमडती मांडणी केली होती. फळ्या उभ्या केल्या की क्रेटचे दोन मजले, आडव्या केल्या की खताच्या गोण्यांसाठी सपाट तळ. बैलगाडा शर्यतीवाल्यांच्या गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं आणि जुन्नर-आंबेगाव-खेड भागात बैलांसाठी पिकअप सजवणं हा जोडधंदा पुन्हा तेजीत आला. तळाला रबरी मॅट, त्यावर भुसा, दोन्ही बाजूंना पोती भरून शिवलेल्या गाद्या, वर ताडपत्रीची कमान, आणि बैल चढवायला फाळक्याचाच उतरंडा. लाखांच्या बैलाच्या पायाला खरचटू नये म्हणून जी काळजी त्या हौद्यात घेतलेली असते, ती त्याच गावातल्या शाळेच्या रिक्षात घेतली तर बरं होईल.

उलट टोकाला डीजेची गाडी. गणपती, लग्न, जयंती अशा हंगामात हौद्यावर लोखंडी सांगाडा उभा राहतो, दोन्ही बाजूंनी स्पीकरच्या भिंती रुंदीबाहेर येतात, मागे जनरेटर. सांगाडा अडकवायला चेसिसला भोकं पाडतात, नाहीतर सरळ वेल्डिंग मारतात. हंगाम संपला की सांगाडा उतरतो, भोकं राहतात. पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने तासन् तास चाललेल्या या गाडीचा क्लच जळालेला असतो आणि मीटर मात्र अगदी कमी दिसतो. कमी किलोमीटरला भुलून डीजेची गाडी घेणारे पुष्कळ आहेत.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बंपरपुढे लावायचा तो जाडजूड लोखंडी गार्ड डिसेंबर २०१७ पासून केंद्राने बेकायदा ठरवला आहे, तरी नवी गाडी शोरूममधून निघून पहिली थांबते ती गार्डच्या दुकानापुढे. मागे लिहिलेल्या 'हॉर्न ओके प्लीज'वर राज्याच्या परिवहन खात्याने २०१५ साली बंदी घातली. ती पाटी आजही प्रत्येक दुसऱ्या गाडीवर आहे. रंग, रेडियम, आईवडिलांचा आशीर्वाद, मुलांची नावं, गावाचं नाव, यात माझ्या मते काही वाईट नाही. पिकअपवाला वर्षाचे तीनशे दिवस त्या केबिनमध्ये काढतो. त्याने तिथे झालर लावली, विठ्ठलाचा फोटो लावला, तर कुणाचं काय बिघडलं? माझी हरकत आहे ती वजनाशी आणि ब्रेकशी खेळणाऱ्या बदलांना, आणि मागच्या सगळ्या वाहनांचे डोळे दिपवणाऱ्या त्या पांढऱ्या एलईडीच्या पट्टीला.

देखभालीचं शास्त्र जुन्या गाडीत उलट सोपं असतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी पकडणारी गाळणी असते. काजळी जाळून ती मोकळी व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. गाव ते बाजार, बाजार ते गाव अशा सहा-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही. दिवा लागतो, गाडी ओढत नाही आणि मालक वैतागून गाळणी काढून टाकायला निघतो. ते बेकायदा तर आहेच, पुढच्या पासिंगला आणि विक्रीलाही आडवं येतं. आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात पळवावी, एवढाच उपाय. म्हणून जवळच्या फेऱ्या मारणारे मुद्दाम बीएस-४ किंवा त्याआधीचं मॉडेल शोधतात. ते समजण्यासारखं आहे. फक्त अशा गाडीची उरलेली वर्षंही मोजावीत. ग्रीसचं मात्र कुठल्याच मॉडेलला माफ नाही. शॅकल पिन, किंग पिन, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस यांना ग्रीस मारायचं काम दोन-तीनशे रुपयांत होतं, आणि तेच टाळलं म्हणून क्रॉस तुटून शाफ्ट रस्त्यावर पडलेली गाडी दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या घाटात दिसते. रेडिएटरला विहिरीचं पाणी घालणं थांबवलं, तरी इंजिनाचं आयुष्य वाढेल.

आता एक अप्रिय गोष्ट. पिकअपमध्ये शेवटी माणसं भरली जातात. निंदणीच्या बायका, लग्नाचं वऱ्हाड, देवदर्शनाला निघालेली गल्ली. ऑगस्ट २०२५ मध्ये खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेली पिकअप दरीत कोसळली आणि तिच्यातल्या अनेक बायकांचा जीव गेला. अशा वेळी विम्याचं काय होतं, हे मालकाला बहुधा तेव्हाच कळतं. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००२ पासून आहे. म्हणजे दाव्याची रक्कम थेट मालकाच्या घर-जमिनीवर येऊ शकते. तो मालक गाडीत नसला तरी. तो मालक, पुढे सांगतो तसा, गाडी विकून मोकळा झालेला असला तरीसुद्धा.

कारण जुन्या गाडीच्या धंद्यात सगळ्यांत जुनाट सवय आहे ती सही करून दिलेल्या फॉर्मांची. विकणारा २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करतो, पैसे घेतो, घरी जातो. फॉर्म कोरे राहतात. प्लॉटवाला ते पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. नाव बदलायचा खर्च प्रत्येक जण पुढच्यावर ढकलतो. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ साली निकाल लागलेल्या एका प्रकरणात गाडी २००७ मध्ये विकली गेली होती, त्यानंतर ती अनेक हातांतून फिरली आणि २००९ मध्ये तिच्या धडकेत मूल दगावलं. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी टाकली ती आरसीवर नाव असलेल्या पहिल्या माणसावर. ती विकून त्याला जवळपास दोन वर्षं झाली होती.

यावर उपाय सरकारने केला आहे, पण गावात तो पोचलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आहे. अशा अधिकृत विक्रेत्याला गाडी देताना मालकाने ऑनलाइन तसं कळवलं, की गाडी पुढे विकली जाईपर्यंत तिचा मालक म्हणून तो विक्रेताच धरला जातो. प्लॉटवर हे अधिकारपत्र मागून बघा. मी जिथे जिथे मागितलं, तिथे चहा आला.

घेणाऱ्याने करायचं ते असं. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की मालकाचं नाव (काही अक्षरं झाकून), पासिंगची मुदत, विमा आणि कर्जाची नोंद दिसते. कर्ज फिटलेलं असेल तरी बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नयेत. राज्याच्या ई-चलनच्या संकेतस्थळावर थकलेले दंड बघावेत, ते बहुतेक वेळा विकणाऱ्याच्याही ध्यानात नसतात. भरलेल्या गाडीचं एकूण वजन ३,००० किलोंच्या आत नोंदलेलं असेल तर परमिट लागत नाही. त्यावर असेल तर परमिटही नावावर करावं लागतं. आणि चेसिसवरचा सतरा अक्षरांचा नंबर. तो पुसून त्यावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. उठलेला ठसा आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघायचा. आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं या नंबरात वापरतच नाहीत. ठशात ती दिसली, किंवा एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल आणि वाकडा उठला, तर इसार परत मागायचा.

सोबत येणाऱ्या मिस्त्रींना दिवसाची मजुरी द्या. 'जरा बघता का येऊन' म्हणून फुकट नेऊ नका. ओतूरच्या त्या शेतकऱ्याने पुढे संगमनेरकडची दुधाची गाडी घेतली, हौद्याचा तळ नवा टाकून घेतला आणि पाटे आहेत तेवढेच ठेवले.

आणि ज्यांना पिकअपशी काही देणंघेणं नाही, त्यांनीही एक काम करावं. तुम्ही आजवर विकलेली शेवटची गाडी, टेम्पो असो, कार असो की स्कूटर, तिचा नंबर आठवत असेल तर आजच ॲपवर टाकून बघा. मालक म्हणून अजून तुमचंच नाव दिसलं, तर येत्या कामाच्या दिवशी विक्रीचा कागद घेऊन आरटीओत जा.